पेटी फेकण्याआधी

चि.,

तुझा निरोप पोचला. तुझ्या गाण्याच्या क्लासमधून पेटी, म्हणजे हार्मोनियम, हद्दपार केलीस, कारण ती 'साहेबाचं वाद्य'! हसू आलं. रागावू नकोस, चाळीस वर्षं पेटीवर साथ केलेल्या माणसाला एवढं हसायची मुभा असावी.

पेटी मूळची फ्रान्सची, १८४० च्या सुमारची, पायानं भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हातभात्याची, जमिनीवर मांडून वाजवायची केली, तेव्हा ती आपल्या बैठकीत शिरली. आणि तिला रेडिओवरून हाकललं कुणी, ठाऊक आहे? साहेबाच्याच अमदानीत! दिल्ली रेडिओवरच्या पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख जॉन फोल्ड्स यानं १९३८ साली तिच्याविरुद्ध लेख लिहिला आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. टागोरांनाही ती खपत नसे, हे खरं. पण स्वराज्य आल्यावरही आपल्या सरकारनं ती बंदी १९७१ पर्यंत ओढली, मग कुठे थोडी सैल केली. तेव्हा तुझ्या बंडात नवं काही नाही.

पेटीच्या सुरांबद्दलची तक्रार मात्र खोटी नव्हती. आज रात्री एक कर. तंबोरा नीट लाव, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार छेड आणि कान देऊन बस. षड्ज, म्हणजे 'सा', विरता विरता वर एक गंधार, म्हणजे 'ग', आपोआप उमटतो, तो स्वयंभू गंधार. आता पेटीवर तोच ग दाब. दोन सुरांमध्ये थरथर ऐकू येईल. पेटीचा ग चढा आहे, शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले की हे होणारच. दरबारी रागातला आंदोलित, हळू झुलणारा गंधार तर तिच्यात नाहीच, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही नाही.

माझ्या पहिल्या क्लासात तीस पोरं, एक पेटी आणि खुंटीला टांगलेला तंबोरा. पट्टी दाबायची, तसं ओरडायचं. माझा यमन रागातला गंधार कितीतरी वर्षं चढाच लागायचा आणि मला पत्ताच नव्हता. राग धरायचा तर त्या सवयीवर धर.

नाहीतर मग सगळंच सोडावं लागेल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते वर्ग, वेळापत्रक, परीक्षा, सगळं साहेबाच्या शाळेच्या साच्यातलं. त्याच साच्यामुळे गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर, तुझ्यामाझ्या घरात आलं. तुझी विशारद परीक्षेची तयारीही त्यातलीच. ती सोडतेस का?

पेटी राहू दे. मुलांना आधी महिनाभर नुसत्या तंबोऱ्यावर षड्ज लावायला बसव, पेटी नंतर, साथीपुरती. मुलं कंटाळतील, पालक 'गाणं कधी शिकवणार' म्हणून विचारतील. विचारू देत.

रविवारी ये. तंबोरा तुझाच आण, माझा जवारीसाठी, तारांची गुंज नीट करून घ्यायला, मिरजेला गेलाय.