मेजवानीतले पंडित जेवतात तरी कधी?

प्रश्न : प्लेटोचे 'सिम्पोझियम' फार आवडले, म्हणून प्राचीन ग्रीक लेखक अथेनेअसचा मेजवानीवरचा ग्रंथ इंग्रजी भाषांतरात हाती घेतला. पहिल्या खंडातच दमलो. माशाचे नाव निघाले की दहा कवींचे उतारे, पेल्याचे नाव निघाले की वीस. ही माणसे जेवतात तरी कधी? आणि आपण हे का वाचायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमची तक्रार त्या ग्रंथातलाच एक पाहुणा करतो. किनुल्कस त्याचे नाव, सिनिक पंथाचा, म्हणजे साधेपणाने राहून रीतीभाती झुगारणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञांपैकी माणूस. बाकीचे उतारे म्हणत बसतात आणि हा भुकेने कासावीस होतो. मला नुसते शब्दच वाढताय, म्हणून तो सगळ्यांवर तुटून पडतो. त्याचा खरा राग टायर शहरच्या उल्पिअनवर. समोर आलेल्या पदार्थाचे नाव जुन्या लेखकांत सापडते का, कोणाच्या लेखनात, कोणत्या अर्थाने, हे ठरल्याशिवाय उल्पिअन घास उचलत नाही. रस्त्यात, स्नानगृहात, पुस्तकांच्या दुकानातसुद्धा तो हेच विचारीत फिरे, म्हणून त्याला त्यावरून टोपणनावच पडले होते. या दोघांची जुगलबंदी पंधरा भागांच्या या ग्रंथात अधूनमधून चालू राहते. तिच्याकडे लक्ष ठेवून वाचलेत तर उताऱ्यांच्या गर्दीत वाट सापडेल.

का वाचायचे, याचे उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण या ग्रंथाला 'कंटाळवाणी जंत्री' म्हणून बाजूला सारलेले मला सहन होत नाही. अथेनेअस इजिप्तमधल्या नॉक्रॅटिसचा. त्याने हे इ.स. 200 च्या आसपास लिहिले, म्हणजे प्लेटोने रंगवलेल्या मेजवानीनंतर सहाशे वर्षांनी. ती मेजवानी इ.स.पू. 416 मधली, नाटककार अगाथॉनच्या नाट्यविजयाची. तिथे प्रत्येक पाहुणा प्रेमावर स्वतःचे विचार मांडतो. अथेनेअसच्या पाहुण्यांचे बोलणे मुख्यतः दुसऱ्यांनी लिहिलेले आहे, आणि ते 'दुसरे' आज बहुतेक नाहीसे झाले आहेत. ग्रंथातला एक वक्ता सांगतो की, 'मध्य' म्हटल्या जाणाऱ्या काळातली 800 हून अधिक सुखांत नाटके मी वाचली आहेत. ग्रीक नाटककार अॅरिस्टोफेनिसची अगदी शेवटची नाटके सोडली, तर त्या काळचे एकही सुखांत नाटक आज पूर्ण उरलेले नाही. जे तुकडे आहेत, त्यांतले फार मोठे प्रमाण या जेवणाच्या गप्पांतूनच आले आहे.

प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोचे उदाहरण घ्या. अकरावा भाग हा पेल्यांचा. त्यात पेल्यांची नावे वर्णानुक्रमाने येतात. त्याच्या सुरुवातीलाच सॅफोच्या काही ओळी आहेत: ये, किप्रिस (म्हणजे प्रेमदेवता अफ्रोडायटी), आणि सोन्याच्या पेल्यांत अमृत ओत. शतकानुशतके त्या कवितेचे हे कडवे आणि दुसऱ्या एका लेखकाने दिलेल्या काही ओळी एवढेच जगाला माहीत होते. मग इजिप्तमध्ये मिळालेल्या एका खापरावर तीच कविता आणखी सापडली. मेदेआ नोर्सा या इटालियन विदुषीने ती 1937 मध्ये प्रसिद्ध केली. सफरचंदांची राई, धुपाचा दरवळ, फांद्यांतून झुळझुळणारे गार पाणी, गुलाबांची सावली, आणि शेवटी ते सोन्याचे पेले. खापर मिळेपर्यंत ते शेवटचे कडवे एका पाहुण्याच्या पाठांतरावर जिवंत होते. असे कितीतरी कवी अजून फक्त त्या पाठांतरावरच आहेत. सिसिलीतल्या गेलाच्या आर्केस्ट्राटसने इ.स.पू. चौथ्या शतकात कोणत्या बंदरावर कोणता मासा घ्यावा हे महाकाव्याच्या छंदात सांगितले. तो कवी आपल्याला जवळजवळ पूर्णपणे अथेनेअसमुळेच माहीत आहे. अमिया नावाच्या माशाबद्दल तो म्हणतो: अंजिराच्या पानांत गुंडाळ, थोडा मरवा घाल, चीज नको, भलते काही नको, दोरीने बांध आणि गरम राखेत सरकव. मासा जळू देऊ नकोस, अशी ताकीदही आहे. हे वाचताना मला स्वयंपाकाची कृती आणि कविता वेगळी करता येत नाही.

बरे, हा ग्रंथ तरी आजवर कसा टिकला? दहाव्या शतकाच्या सुमाराची एक हस्तलिखित प्रत. इटालियन विद्वान जोव्हान्नी ऑरिस्पाने ती 1423 मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून इटलीत आणली. पुढे तीस वर्षांनी ते शहर तुर्कांच्या हाती पडले. आज ती प्रत व्हेनिसमध्ये आहे. तिच्यातले पहिले दोन भाग आणि तिसऱ्याचा आरंभ हरवलेला आहे. तेवढा मजकूर आपण मध्ययुगात केलेल्या एका संक्षेपात वाचतो. सांगलीकर वाचक पहिल्या खंडात का दमले, याचे एक कारण हेही आहे. संक्षेप करणाऱ्याने संभाषण कापले आणि माहिती ठेवली, त्यामुळे तिथे माणसे धड दिसतच नाहीत.

म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू नका. ग्रीक मूळ आणि इंग्रजी भाषांतर समोरासमोर छापणाऱ्या लोब मालिकेतल्या ओल्सन यांच्या भाषांतराचे 8 खंड आहेत. त्यांतून आधी चौथा भाग काढा. मॅसिडोनियातल्या कारानसच्या लग्नाची मेजवानी तिथे आहे, आणि पुढे त्याच भागात सिनिकांची पंगत, जिच्यात मसुरीमागून मसूरच येते. मग आठव्या भागातला कवी फिलोक्सेनस वाचा. दोन हात लांबीचा ऑक्टोपस डोके तेवढे सोडून एकट्याने खाल्ल्यावर वैद्य त्याला सांगतो की, आज तू मरणार, निरवानिरव कर. तो म्हणतो, सगळी झाली आहे, माझ्या कविता आता मोठ्या झाल्या आहेत. राहिलेला ऑक्टोपस तेवढा आणा.

आणि प्लेटोवरून थेट अथेनेअसवर उडी नको. मध्ये ग्रीक लेखक प्लुटार्क आहे. त्याच्या जेवणाच्या गप्पा 9 भागांत आहेत आणि त्या घरच्या वाटतात. आधी कोंबडी की आधी अंडे, हा वाद तिथे रीतसर होतो. प्लुटार्कचा भाऊ टिमॉन पाहुण्यांना म्हणतो, हवे तिथे बसा. भपकेदार कपड्यांतला एक परका श्रीमंत नोकरांसह दाराशी येतो, आपल्या योग्यतेची जागा उरली नाही असे पाहून तसाच परततो. मग वडील आणि भाऊ यांच्यात वाद जुंपतो: यजमानाने जागा नेमून द्याव्यात की नाही? प्लुटार्कचे स्वतःचे मत असे, की जेवताना विषय सगळ्यांना झेपेल असाच काढावा. नाहीतर इसापाच्या कोल्ह्या-करकोच्यासारखे होते, एकाचे खाणे दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : अथेनेअसचे पाहुणे खरे होते की कल्पित? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मिश्रण आहे. यजमान लारेन्सिस खरा. त्याच्या नावाचा शिलालेख रोममध्ये मिळाला आहे. पाहुण्यांत पेर्गामोनचा वैद्य गेलन आहे, आणि तो दारू व पाव यांच्या गुणदोषांवर बोलतो, ते त्याला शोभतेही. उल्पिअनचे नाव आणि गाव प्रसिद्ध रोमन कायदेपंडिताशी जुळतात, पण दोघे एकच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला ते दोघे वेगळे वाटतात. तो कायदेपंडित सैनिकांच्या हातून मारला गेला; अथेनेअस मात्र आपल्या उल्पिअनला सुखाचे मरण आले असे सांगतो.

प्रश्न : या ग्रंथात भारताचाही उल्लेख आहे, असे ऐकले. खरे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आहे, एकाहून अधिक ठिकाणी. चौथ्या भागात ग्रीक दूत मेगॅस्थेनिसचा उतारा आहे: भारतीयांच्या जेवणात प्रत्येकापुढे तिवईसारखे वेगळे मेज मांडतात, त्यावर सोन्याचे भांडे, त्यात आधी शिजवलेला भात आणि मग नाना प्रकारची कालवणे. मेगॅस्थेनिस चंद्रगुप्ताच्या दरबारी राहिला होता. आधी भात, मग त्यावर बाकीचे, हा क्रम आपल्याकडच्या वरणभाताने सुरू होणाऱ्या पंगतीला ओळखीचा वाटेल.

दुसरा उल्लेख चौदाव्या भागात, सुक्या अंजिरांच्या चर्चेत. हेगेसांडर या लेखकाच्या आधाराने सांगितले आहे की, अमित्रोखातेस या भारतीय राजाने सीरियाच्या ग्रीक राजा अँटिओकसला लिहून तीन गोष्टी विकत मागितल्या: गोड मद्य, सुके अंजीर आणि एक तत्त्वज्ञ. हा अमित्रोखातेस म्हणजे चंद्रगुप्ताचा मुलगा बिंदुसार. अँटिओकसने कळवले की, अंजीर आणि मद्य पाठवतो, पण तत्त्वज्ञ विकणे ग्रीकांच्या कायद्यात बसत नाही. हेगेसांडर या राजांनंतर बराच काळ गेल्यावर लिहीत होता, तेव्हा याला दरबारी दप्तरातली नोंद समजू नये. पण दोन्ही दरबारांत दूतांची ये-जा होती, हे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोही सांगतो. बिंदुसाराकडे गेलेल्या दूताचे नाव तो डेइमाखस असे देतो. मेगॅस्थेनिस आणि डेइमाखस, दोघांचेही ग्रंथ आज हरवलेले आहेत.