झाकलेल्या सिंहासनाविषयी

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तरुण संघाच्या उपासनेत संदेशासाठी तू बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा 26वा अध्याय घेतलास, हे वाचून बरं वाटलं. देवाचं सामर्थ्य म्हटलं की बहुतेक जण थेट 38व्या अध्यायावर उडी मारतात. तिथे देव स्वतः वावटळीतून बोलतो. बर्फाची नि गारांची भांडारं, समुद्राला घातलेले अडसर, सगळं एका दमात येतं. 26व्यात अवघी 14 वचनं आहेत आणि बोलणारा ईयोब, राखेत बसलेला, अंगभर गळवं झालेला माणूस आहे. तरी देवाचा महिमा झाकलेला असतो म्हणजे काय, हे इथल्याइतकं नेमकं मला दुसरीकडे क्वचितच सापडलं.

तुझा मसुदा दोनदा वाचला. सगळा भार सातव्या वचनावर टाकलायस: देव पृथ्वीला कशाचाही आधार न देता टांगतो, म्हणजे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी बायबलला हे ठाऊक होतं. हा परिच्छेद काढून टाक. आपल्याकडे हे वचन असं वापरायची सवय जुनी आहे, मला माहीत आहे, आणि लोक माना डोलावतीलही. पण चारच वचनं पुढे जा. अकराव्यात आकाशाचे खांब थरथर कापतात. सातवं वचन विज्ञान, तर अकराव्याचं काय करशील? मागच्या बाकावरचं एखादं चौकस पोरगं हे विचारणारच, आणि त्याने विचारावंच. कवी इथे भूगोल शिकवत नाही. ज्या गोष्टी टिकायला नकोत त्या टिकून आहेत, याचं त्याला नवल वाटतंय. खाली काही नसताना पृथ्वी पडत नाही. ढगात एवढं पाणी बांधलेलं, तरी त्या भाराने ढग फाटत नाही. ढगफुटीच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या लोकांना हे आठवं वचन समजावून सांगावं लागणार नाही. सातव्यापेक्षा मी त्याच्यावरच जास्त थांबेन.

आता सहावं आणि नववं वचन शेजारी शेजारी ठेवून बघ. सहाव्यात अधोलोक देवापुढे उघडा पडलाय, विनाशस्थानावर पांघरूण उरलेलं नाही. मेलेल्यांची जागा, जिथे कुणाची नजर पोचत नाही, तीसुद्धा त्याच्यापासून लपून राहत नाही. आणि नवव्यात? तो आपलं सिंहासन झाकून घेतो, त्यावर ढग पसरतो. सगळं त्याच्यापुढे उघडं, तो मात्र कुणापुढे उघडा नाही. मधे दोनच वचनं आहेत. माझ्या मते अख्ख्या कवितेचा कणा हाच. लपणं ही इथे दुबळ्याची गोष्ट नाही. दिसायचं की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्याचंच लपणं हे.

बाराव्या-तेराव्या वचनात तो समुद्र खवळवतो, राहाब नावाच्या समुद्री राक्षसाला ठेचतो, पळत्या सर्पाला भोसकतो. याची पार्श्वभूमी तुला माहीत असावी. 1928 साली सीरियाच्या किनाऱ्याजवळ एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्याच्या दगडाला अडला. पुढच्या वर्षी जवळच्या रास शामराच्या टेकाडावर उत्खनन सुरू झालं आणि उगारित हे प्राचीन नगर वर आलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआल या वादळाच्या देवाची लांबलचक काव्यं मिळाली. त्यांत पळता सर्प आहे, अगदी त्याच विशेषणासकट. बआल समुद्र-देवाशी लढतो तेव्हा त्याला कारागीर-देवाने घडवलेली दोन आयुधं लागतात, आणि पहिल्या घावाने समुद्र पडतसुद्धा नाही. पुढे बआलाला राहायला महाल नाही म्हणून तक्रार होते आणि महाल बांधला जातो. ईयोबाच्या कवीने ही कथानकं ऐकलेली असणार. त्याने ती सगळी लढाई दोन वचनांत उरकली. आयुधांचं नाव नाही, दमछाक नाही, आणि महालाच्या जागी ढगाने झाकलेलं आसन.

बायबलमधलं 29वं स्तोत्रही चाळून ठेव, त्यातही देवाला झाकून ठेवायची हीच हातोटी आहे. वादळ पाण्यावरून येतं, लबानोनचे गंधसरू मोडतं, हेर्मोनचा डोंगर वासरासारखा उड्या मारायला लावतं आणि कादेशच्या रानात शिरतं. परमेश्वराची वाणी सात वेळा ऐकू येते. त्याचा चेहरा, हात, वस्त्र, काहीही दिसत नाही. झाडांचं काय झालं एवढंच कवी सांगतो. (तिकडचा पाऊस भूमध्य समुद्रावरून हिवाळ्यात येतो. तेव्हा संदेशात मृग नक्षत्र नको. तुझ्या मसुद्यात डोकावलंय ते.)

पण तुला खरं सांगायचंय ते ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या मित्रांपैकी एक, बिल्दद, याच्याविषयी, कारण तुझ्या मसुद्यात तो नाहीच. 25वा अध्याय त्याचा आहे, जेमतेम सहा वचनांचा. तोही देवाची थोरवीच गातो: चंद्रसुद्धा त्याच्यापुढे तेजस्वी नाही, मग माणूस म्हणजे किडा, अळी. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर चूक काढता येणार नाही. पण हे तो कुणाला ऐकवतोय? मुलंबाळं गेलेल्या, खापरीने अंग खाजवत बसलेल्या माणसाला. देवाचा महिमा त्याने समोरच्याचं तोंड बंद करायला वापरलाय. म्हणून 26व्याची सुरुवात टोमण्याने होते: वा, दुबळ्याला काय साहाय्य केलंस! काही अभ्यासकांना वाटतं की या भागात भाषणांची सरमिसळ झालीय आणि पाचव्या वचनापासूनचं काव्य मुळात बिल्ददाचंच असावं. वाद राहू दे. आहे त्या क्रमाने वाचलं तर दिसतं ते असं, की तोच महिमा ईयोब त्याच्याहून मोठ्या आवाजात गातो, पण शेवटी माणसाला किडा म्हणत नाही. तो म्हणतो, हा सगळा त्याच्या मार्गांचा नुसता काठ आहे. आपल्या कानी आली ती कुजबुज. त्याच्या सामर्थ्याचा गडगडाट कुणाला कळणार? बिल्ददाचं बोलणं माणसाला लहान करून थांबतं. ईयोबाचं, आपल्याला किती थोडं कळलंय तिथे थांबतं.

शेवटच्या पानावर तू विचारलंयस, एवढा समर्थ देव दुःखात दिसत का नाही, याचं उत्तर संदेशात द्यायचं का. मी देणार नाही. 77वं स्तोत्र बघ. त्या माणसाला रात्रभर झोप नाही, देव दया करायची विसरला का असं तो उघड विचारतो. मग इस्राएल लोक मिसरातून सुटले तेव्हाची समुद्रातली वाट त्याला आठवते: तू पाण्यातून गेलास, पण तुझ्या पाऊलखुणा कुणाला दिसल्या नाहीत. पुढे मोशे नि अहरोन यांच्या हातून लोकांना कळपासारखं नेलंस, एवढं म्हणून स्तोत्र संपतं. त्याला झोप लागली की नाही, सांगत नाही. तूही सांगू नकोस. 38व्या अध्यायात देव बोलतो तेव्हासुद्धा कारण देत नाही. जिथे एकही माणूस राहत नाही अशा रानावर मी पाऊस पाडतो, हे मात्र सांगतो. हे वचन मला वर्षानुवर्षं छळतं आणि धीरही देतं. का, ते भेटीत बोलू.

वेळ कमी पडला तर उगारित गाळ, 29वं स्तोत्रही गाळ. बिल्दद गाळू नकोस. आणि अध्याय आधी स्वतः वाच, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस. चौथ्या वचनापर्यंत टोमणा आहे, तो टोमण्यासारखाच ऐकू यायला हवा. सुधारलेला मसुदा गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका