एका खोलीच्या म्युझियमसाठी एवढं लांब जायचं का?

प्रश्न: लेक फिनिक्सला असते, डिसेंबरात आम्ही दोघं तीन आठवडे तिच्याकडे आहोत. मिस्टर पोस्टातून रिटायर झालेत, त्यांना कुठूनतरी कळलं की तिकडच्या वाळवंटात जुन्या घोडागाडीच्या टपालमार्गाचं छोटं म्युझियम आहे, तेव्हापासून तेच एक डोक्यात बसलंय. जावई म्हणतात एक खोली असते, वीस मिनिटांत संपेल, त्यापेक्षा ग्रँड कॅन्यन पुन्हा बघू. माझे गुडघे दुखतात. जावं का? आणि ती गाडी वेल्स फार्गोचीच ना?

– एक वाचक

उत्तर: जावयांचं चुकत नाहीये हो, खोली वीस मिनिटांतच संपते. पण तुम्ही नुसती खोली बघून परत येणार असाल तरच त्यांचं म्हणणं खरं. खोली आधी बघायची आणि मग तो रस्ता, असं केलंत तर दिवस पुरत नाही.

आधी वेल्स फार्गोचं (तिकडची बँक आणि मालवाहतुकीची जुनी कंपनी) सांगते, कारण हा घोळ जवळजवळ सगळ्यांचाच होतो. दक्षिणेकडून जाणारा हा मार्ग जॉन बटरफिल्ड यांच्या ओव्हरलँड मेल कंपनीचा. वेल्स फार्गोचा पैसा त्यात होता, पण गाड्यांवर त्यांचं नाव गाजलं ते नंतर. सरकारशी करार झाला 1857 मध्ये, वर्षाला 6 लाख डॉलर, आठवड्यातून दोन फेऱ्या, आणि अट अशी की टपाल 25 दिवसांत पोचलं पाहिजे. पहिली पिशवी 16 सप्टेंबर 1858 ला सेंट लुईसहून निघाली, थोडा प्रवास रेल्वेनं, पुढे मिसूरीतल्या टिप्टनपासून घोडागाडी, आणि एल पासो, टुसॉन, युमा करत 10 ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणजे चोवीस दिवसांच्या आत! साधारण 2,800 मैल, रात्रंदिवस. मिस्टरांना हा आकडा सांगा, बघा काय म्हणतात ते.

आता म्युझियममध्ये काय बघायचं. दारातच बहुतेक एक चकचकीत लाल गाडी असते, सगळे तिच्याशेजारी फोटो काढतात. ती काँकर्ड कोच. सुंदरच असते, पण या वाळवंटातल्या टप्प्यांवर धावायची ती वेगळीच, हलकी, ठेंगणी, वर कॅनव्हासचं छत, सेलेरिटी वॅगन म्हणतात तिला, आणि ती ओढायला बऱ्याचदा खेचरं. मी गेले होते तिथे ती मागच्या कोपऱ्यात होती, कुणी बघत नव्हतं. बाकांच्या पाठी खाली पाडल्या की आत सगळ्यांसाठी मिळून एक बिछाना, अनोळखी माणसं एकमेकांना चिकटून झोपायची, आणि 200 डॉलर मोजून बरं का. खाली वाकून चामड्याचे जाड पट्टे जरूर बघा, गाडीचा सांगाडा त्यांच्यावर झुलतो. स्टीलची स्प्रिंग आडरानात तुटली तर करणार काय, आणि दगडावर गाडी आदळली की पट्ट्यांमुळे जनावरांना झटका कमी बसतो. (प्रवाशांना बोट लागल्यासारखं व्हायचं, तो भाग वेगळा.)

मग रस्ता. माझी पसंती फोर्ट बोवीला, फिनिक्सपासून गाडीनं साडेतीन तास धरा. तिथे अपाची पास नावाच्या खिंडीत बटरफिल्डच्या स्टेशनचे अवशेष आहेत, जमिनीलगत दगडांच्या ओळी, बस. स्टेशन नेमकं तिथेच का, तर जवळ झरा आहे, या मार्गाचं सगळं गणित पाण्यावर होतं. आणि पाणी एकट्या टपालवाल्यांचं नव्हतं. फेब्रुवारी 1861 मध्ये दुसऱ्याच टोळीनं पळवलेल्या एका मुलाचा आळ लष्कराच्या लेफ्टनंट बॅस्कमनं तिथल्या अपाचींचा प्रमुख कोचीस याच्यावर घेतला, त्याला तंबूत पकडायला गेला, कोचीस तंबू फाडून निसटला आणि मग अनेक वर्षं रक्तपात चालला. त्या घटनेच्या पुढच्याच महिन्यात यादवी युद्धाच्या तोंडावर सरकारनं हा मार्ग बंद केला, टपाल उत्तरेकडच्या मार्गावर गेलं. म्हणजे एवढा सगळा खटाटोप चालला जेमतेम अडीच वर्षं, पण अजून लोक त्याची वाट शोधत हिंडतात, आणि 2023 पासून तर तो राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग झालाय.

तुमच्या गुडघ्यांचं म्हणाल तर गाडी लावतात तिथून किल्ल्यापर्यंत दीड मैल चालायचं, तेवढंच परत, मधे चढउतार आहे. पण स्टेशनचे अवशेष वाटेतच लागतात, तिथूनच मागे फिरलात तरी चालेल. ज्यांना चालणंच जमत नाही त्यांच्यासाठी आधी फोन केला तर वेगळी सोय करतात, लेकीला विचारून ठेवायला सांगा, आणि उघडं कधी असतं तेही त्याच फोनवर. प्रवेश फुकट आहे. डिसेंबर निवडलात हे बेस्ट, उन्हाळ्यात मी नकोच म्हटलं असतं, पण जागा उंचावर आहे त्यामुळे सकाळी चांगलीच थंडी, स्वेटर घ्या. पाणी माणशी एक गॅलन, थंडी असली तरी. मोबाईलला रेंज मिळेल असं धरू नका, नकाशा आधीच डाऊनलोड करा आणि पेट्रोल वाटेतल्या विलकॉक्स गावातच भरून घ्या.