शिरोलीची फौंड्री सोडून जर्मनीला यायचं म्हणतोस तर

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला. शिरोली एमआयडीसीत अकरा वर्षं, त्यातली चार प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून. शिवाजी विद्यापीठाची मेकॅनिकलची डिग्री. घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. पुढच्या दहा वर्षांत जर्मनीत फौंड्री मॅनेजरला मागणी राहील का आणि आत्तापासून काय शिकावं, हे तू विचारलंयस. मी उचगावचा, २०१४ पासून श्टुटगार्टजवळ ओतकामातच आहे. रोज बघतो तेवढंच सांगतो.

माणसं हवी आहेत, कारण इथली साठीला आलेली पिढी एकदम निवृत्त होत्येय. पण नुसता टनेज काढणारा मॅनेजर आता कुणाला नको. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड हा आपला हुकमी माल, आणि इलेक्ट्रिक गाडीत तो लागतच नाही. तिथं मोटरची आणि बॅटरीची घरं, म्हणजे बाहेरची आवरणं, लागतात, बहुतेक ॲल्युमिनियमची. तू ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारांत मुरलायस, तर ॲल्युमिनियम डायकास्टिंगची, म्हणजे धातू दाबानं साच्यात भरण्याची, एखादी शॉप जवळून बघ. कास्टिंग सिम्युलेशनचा, म्हणजे ओतकाम आधी कॉम्प्युटरवर करून बघण्याचा, रिपोर्ट स्वतः वाचता आला पाहिजे, तो कुणा इंजिनिअरवर सोडून भागत नाही.

दुसरी गोष्ट वीज. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे-सहाशे युनिट जातात. २०२२ मध्ये इथं गॅस आणि वीज भडकली, तेव्हापासून मुलाखतीत पहिला प्रश्न विजेच्या खर्चाचाच येतो. शिवाय युरोपीय संघाचा आयात मालावरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. लोखंड-पोलादाच्या बऱ्याच वस्तू त्यात आहेत, म्हणजे हा हिशेब कोल्हापुरात राहिलास तरी तुला चुकणार नाही. आजपासून दर हीटमागे, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्यामागे, युनिट, चार्ज (भट्टीत घातलेला माल), थांबलेला वेळ आणि रिजेक्शन वहीत लिहायला लाग. सहा महिन्यांचे असे आकडे कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा वजनदार ठरतात.

पण खरी अडचण माणसांशी वागण्यात येते. पहिल्या वर्षी डिलिव्हरी अडकली म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी मोल्डिंगच्या पोरांना शनिवारी यायला सांगितलं, आपल्याकडं सांगतो तसं. सोमवारी बेट्रिब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती, समोर बसली होती. जादा कामाला तिची संमती लागते, हे कायद्यातच आहे. कामाचा दिवस आठ तासांचा, फार तर दहा, आणि दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती. मला वाईट वाटलं ते माझ्या अज्ञानाचं, कारण कायदा योग्यच आहे. आपल्या फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, माणसांना धुळीत ओव्हरटाइम करताना मी बघितलंय.

म्हणून जर्मन भाषा. बी-१ ही मधली पातळी व्हिसाच्या सोयीसाठी ठीक, पण शॉपवर हुकूम चालवायला तिच्या वरच्या बी-२ शिवाय जमत नाही. पंचवीस वर्षं भट्टीवर असलेला माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, तुझ्याशी इंग्रजीत वाद घालणार नाही, गप्प बसेल आणि स्वतःच्या पद्धतीनं करेल. तेव्हा सुरुवातीला मॅनेजरच्या पदाचा आग्रह सोड. प्रोसेस किंवा क्वालिटी इंजिनिअर म्हणून ये, दोन-तीन वर्षांत वर जाशील. मीही तसाच गेलो.

कागदांचं थोडक्यात. विद्यापीठ आणि डिग्री आनाबिनच्या, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन माहितीकोशाच्या, यादीत तपास. ब्लू कार्डाला, म्हणजे पदवीधरांच्या काम-निवास परवान्याला, २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती, टंचाईच्या कामांना ४३,७५९.८० युरो. कारखान्यातले उत्पादन व्यवस्थापक नोव्हेंबर २०२३ पासून त्या टंचाईच्या यादीत आहेत. रक्कम दरवर्षी बदलते, अर्ज करताना ताजी बघ. बी-१ असेल तर २१ महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो, ए-१ ही पहिली पातळीच असेल तर २७ महिन्यांनी.

वहिनींना ब्लू कार्डधारकाची पत्नी म्हणून व्हिसाआधी भाषेची परीक्षा लागत नाही, तरी त्यांनाही क्लासला घाल. दिवसभर घरात एकटीनं राहून भाषा न येणं फार जड जातं, माझ्या बायकोची पहिली दोन वर्षं मी बघितलीत. मुलगी सहाची होईल तेव्हा पहिलीत जाईल, आणि आमच्याकडं शाळा सप्टेंबरात सुरू होते. त्याआधी काही महिने किंडरगार्टन मिळालं तर ती तुम्हा दोघांआधी जर्मन बोलायला लागेल. त्या हिशेबानं तारीख ठरव आणि सीव्ही मला पाठव, वाचून दुरुस्त्या सांगतो.