हमाली करणाऱ्याला चाळिशीनंतर तपासणीची गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की वडील ४८ वर्षांचे, मार्केट यार्डात हमाली करतात, अंगानं काटक. काका बँकेत, पोट सुटलेलं, शुगरची गोळी चालू. घरात सगळ्यांचं म्हणणं, 'बाबांना कशाला तपासणी? त्यांचा रोजच व्यायाम होतो.' हे बरोबर का?

नाही. कारखान्यांत जाऊन कामगारांची तपासणी करणाऱ्या पथकात मी तंत्रज्ञ आहे, कान आणि फुप्फुसं माझ्याकडे. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं मला विचारू नका. पण हे वाक्य मला दर शिबिरात ऐकू येतं, तेही बहुतेक तपासणी टाळणाऱ्याच्याच तोंडून.

या समजुतीत अर्धं तथ्य आहे. लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा संशोधक जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. बस तीच, रस्ते तेच, वयही ३५ ते ६४. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त, आणि तो झाला की मरणाचं प्रमाणही जास्त. (पुढे त्यांनी गणवेशाच्या पँटींची कंबरेची मापंही काढली. ड्रायव्हरच्या पँटी मोठ्या निघाल्या.) तेव्हा काकांना बँकेतून येताना दोन स्टॉप आधी उतरून चालायला लावा, यात वादच नाही.

पण पायऱ्या चढणं वेगळं आणि पोती वाहणं वेगळं. व्यायामात दम लागला की आपण थांबतो. गाडी खाली करायची असेल तर हमाल थांबत नाही. वजन उचलताना श्वास रोखला जातो आणि तेवढ्यापुरतं बीपी एकदम चढतं. असं दिवसभर, मध्ये पुरेशी विश्रांती नाही, उन्हात पाणी कमी, भूक मारायला तंबाखूची चिमूट. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी या विषयावर बरंच काम केलंय. मोकळ्या वेळातल्या हालचालीचा हृदयाला जो फायदा होतो, तो कामावरच्या जड मेहनतीतून मिळत नाही, उलट पुरुषांमध्ये अशा मेहनतीबरोबर मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं. पोत्याचं वजन १०० किलोवरून ५० वर आणण्यासाठी हमालांना लढावं लागलं, ते उगाच नाही. गुडघे, मान आणि हर्निया यांचं तर विचारूच नका.

आणि एक. 'हार्टअ‍ॅटॅक साहेबांना येतो' हेही खरं नाही. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वात खालच्या श्रेणीतल्या मध्यमवयीन पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. सिगारेट, बीपी वगैरेंचा हिशेब धरूनही फरक पुरता पुसला गेला नाही.

काटक माणूस आजारी दिसत नाही, हीच अडचण आहे. माझ्याकडच्या कानाच्या तपासणीचं सांगते. पॉवरलूमवर आयुष्य गेलेला माणूस केबिनमध्ये बसतो. हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. जाड आवाज तो पटापट टिपतो. ४००० हर्ट्झच्या बारीक आवाजाला आले की मी आवाज चढवत नेते आणि तो काचेतून माझ्याकडे बघत बसतो, अजून सुरूच झालं नाही अशा समजुतीत. आलेखात नेमका तिथे खड्डा. त्याची तक्रार कानाची नसतेच. 'बायको हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते' ही असते. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल आवाजाची मर्यादा आहे, कापसाचे बोळे कानात घालून ती पाळली जात नाही. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. बीपीही असंच कळत नाही, वर्षानुवर्षं मुकाट्यानं चढलेलं असतं.

वडिलांचं बीपी, उपाशीपोटी शुगर आणि कंबरेचा घेर बघा (पुरुषांना ९० सेंटिमीटरपर्यंत ठीक, सडपातळ माणसाचंही मोजा). मिरची-हळदीच्या किंवा धान्याच्या गाळ्यावर असतील तर फुंकून करायची फुप्फुसांची तपासणीही करा. तंबाखू खात असतील तर तोंड उघडून दाखवायचं, लाजायचं नाही. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी मोफत होते. आईलाही सोबत न्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकानं करायची आहे. आता हमालाचा मालक कोण, हा जुनाच घोळ. त्यासाठीच १९६९ चा माथाडी कायदा आला. वडिलांची माथाडी मंडळात नोंद असेल तर दवाखान्याची काय सोय आहे ते तिथेच विचारा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर 'मजुरी करतो' एवढंच सांगू देऊ नका. कसली पोती, दिवसाला किती, कधीपासून, धूळ कसली, हे सगळं त्यांना सांगायला लावा. आणि तपासणीच्या आदल्या रात्री गाडी खाली करायला जाऊ देऊ नका, नाहीतर बीपीचा आकडा चढलेला येऊ शकतो आणि घरी पुन्हा 'कामाचा थकवा आहे' म्हणून तो कागद फळीवर पडेल.