लग्न पुण्यात झाले, आम्ही दोघे इंदूरला राहतो. परस्पर संमतीने घटस्फोट इथेच मिळेल का, आणि किती वेळ लागेल?

होय, लग्न कुठेही झालेले असले तरी तुमचा शेवटचा एकत्र मुक्काम इंदूरला असल्यामुळे अर्ज इथल्या कुटुंब न्यायालयात करता येतो. वेळ मात्र किमान सहा महिने धरावा. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13-ब नुसार अर्जापूर्वी दोघे निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असले पाहिजेत, आणि ‘वेगळे’ याचा अर्थ पती-पत्नी म्हणून न नांदणे असा असल्याने एकाच वाड्यात वरच्या-खालच्या खोल्यांत राहणारी जोडपीही त्यात बसू शकतात. संयुक्त अर्जानंतर दोघांचे जबाब होतात. मग सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन तीच इच्छा सांगायची असते. अमरदीप सिंग प्रकरणात (2017) सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने माफ करण्याचा मार्ग मोकळा केला, पण त्यासाठी विभक्त राहून दीड वर्ष उलटलेले, समेटाचे प्रयत्न संपलेले आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचा खरोखर निकाल लागलेला असावा लागतो. अर्जात ‘स्त्रीधन परत केले’ एवढेच मोघम न लिहिता पाटल्या, तन्मणी, चांदीची भांडी अशी यादी वजनासह जोडावी; वाद पुष्कळदा तिथेच उकरून निघतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, आणि तसे झाल्यास या कलमाखाली घटस्फोट मिळत नाही.