उन्हाळ्यात चार महिन्यांच्या बाळाला पाणी पाजावं का? आयांच्या ग्रुपवर सगळ्या हो म्हणतात.

ताई, नका पाजू. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. त्यात जवळपास ८७-८८ टक्के पाणीच असतं, म्हणून आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला तरी बाळाचं भागतं. फक्त त्याला जास्त वेळा पाजायला घ्या आणि पाणी तुम्ही प्या. दिवसभरात सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय ना? मग झालं.

आता ग्रुपचं. आमच्या ग्रुपवर पुण्याच्या एक ताई आहेत. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, बाजार आठवड्यातून एकदा, त्यात वांगी, टमाटे आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. ताई लिहितात, बाळाचा पहिला घास ॲव्होकाडोचाच हवा. खाली अंगठ्यांची रांग. एकीनंच धीर करून विचारलं, "हे वरणात टाकाचं का भाजी कराची?" तिला अजून उत्तर नाही.

मेळघाटात उपचार म्हणून तान्ह्या लेकराच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिले, अशी बातमी आली की ग्रुप पेटतो. "किती अडाणी लोक हो!" आणि त्याच संध्याकाळी त्याच बाया एकमेकींना सांगतात, सर्दीवर बाळाला मध चाटवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंची विषबाधा, होऊ शकते. अंग लुळं पडतं, श्वासाला त्रास होतो. पण हा सल्ला गुलाबाच्या फुलांच्या फ्रेममध्ये येतो, म्हणून तो अडाणीपणात धरत नाहीत.

लसींबद्दल तर विचारूच नका. गोवराच्या लसीनं ऑटिझम होतो म्हणणारा विलायतेतला लेख १९९८ चा. छापणाऱ्या 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकानंच तो २०१० मध्ये मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. आमच्याकडे तो दर पावसाळ्यात 'ताजं संशोधन' म्हणून उगवतो. यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात जानेवारी २०२१ मध्ये १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, हे मात्र खरं आहे. पण चुकीची बाटली माणसांनी उचलली होती. ग्रुपनं ते पाप थेंबांच्या नावावर लिहून टाकलं.

तुमचा दुसरा प्रश्न, ग्रुप सोडू का? नका सोडू, म्यूट करा. लेकरांचे लहान झालेले कपडे तिथे फुकट मिळतात, आणि उपकेंद्रात आज सिस्टर आल्या की नाही हे तिथेच आधी कळतं.

सासूबाई पाण्यासाठी हटून बसल्या तर वाद घालू नका, आशाताईला चहाला बोलवा. आमच्या सासूबाई डॉक्टरचं ऐकत नाहीत, आशाताईचं मुकाट्यानं ऐकतात. ती त्यांच्या माहेरची आहे.